बारा म्हातारे आणि जावई

कॉलेजात काय काम करता, असं कुणी विचारलं तर मी झाडूपोछा सांगते. ते खोटं नाही. पण सात वर्षांपैकी चार वर्षं मी आणखी एक काम केलं, आणि त्याला काय म्हणतात ते मला नीट सांगता येत नाही, म्हणून मी झाडूपोछाच सांगते. चारचौघांत बोलायची वेळ आली की माझा घसा बंद होतो. विहारातल्या बायांनी एकदा मला आभार मानायला उभं केलं होतं. मी हात जोडले आणि खाली बसले. लिहिताना तसं होत नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण अक्षर चांगलं आहे. गुरुजी फळ्यावर सुविचार माझ्याकडून लिहून घ्यायचे. ही वही कुणाला दाखवायची नाही.

आमचं इंजिनिअरिंग कॉलेज हुडकेश्वरच्या पुढे आहे, जिथे शेतांत आता प्लॉट पडले आहेत तिथे. दुसऱ्या मजल्यावर अगदी टोकाला एक खोली आहे. नवी लॅब झाली तेव्हा जुने बारा कॉम्प्युटर भंगारवाला येईपर्यंत तिथे आणून ठेवले होते. लांजेवार सरांनी ते भंगारात जाऊ दिले नाहीत. सर तेव्हा पस्तिशीचे असतील. बोलताना पेनाचं टोपण उघडझाप करत राहायचे. त्यांनी बारा मशीन भिंतीला लावून मांडले, जोडले आणि रात्रंदिवस चालू ठेवले. पहिल्या दिवशी मला वाटलं, कुणी बंद करायला विसरलं. मी झाडता झाडता सगळे बंद करून टाकले.

सर ओरडले नाहीत. स्टूल ओढून बसले आणि मला समजावून सांगितलं. ते मी समजले तसं लिहिते. दूरच्या देशात एक विद्यापीठ आहे. त्यांच्यापुढे एवढी मोठी आकडेमोड आहे की त्यांच्या स्वतःच्या मशीननी केली तर कित्येक वर्षं जातील. म्हणून ते तिचे बारीक तुकडे करतात आणि जगात ज्यांचे कॉम्प्युटर रिकामे बसले असतील त्यांना इंटरनेटवरून एकेक तुकडा पाठवतात. आपलं मशीन तो तुकडा सोडवतं, उत्तर परत पाठवतं आणि पुढचा मागून घेतं. त्याचे कुणी पैसे देत नाही, कुणी मागत नाही.

"मावशी, हे मशीनचं श्रमदान आहे," सर म्हणाले.

श्रमदान मला कळतं. आमचा विहार श्रमदानानेच बांधला आहे, त्याच्या विटा मीही वाहिल्या आहेत. पण या श्रमदानाला मुदत असते. प्रत्येक तुकड्यावर तारीख घातलेली असते. त्या तारखेच्या आत उत्तर गेलं नाही तर तो तुकडा काढून दुसऱ्या कुणाला देतात आणि आपलं अर्धं झालेलं काम वाया जातं. मी बंद केल्याने बाराही तुकड्यांची मुदत हुकली आणि ते वाया गेले होते. सरांनी ते मला सांगितलं नाही, नंतर राऊतभाऊंनी सांगितलं.

राऊतभाऊ म्हणजे लॅब असिस्टंट. तोंडाने तिखट, हाताने चांगले. तार कुठली कुठे जाते ते त्यांना डोळे मिटून सांगता येतं.

आता माझ्या मुलीचं लिहिते, कारण तिच्याशिवाय हे लिहिण्याला अर्थ नाही. प्रणाली सिकलची पेशंट आहे. आमच्या भागात सिकल म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही, आमच्या नात्यातच चार घरांत आहे. रक्तातल्या पेशी गोल असतात, त्या विळ्यासारख्या वाकड्या होतात. मग त्या बारीक नसांत अडकतात आणि हाडांत असं दुखणं उठतं की पोरगी उशी दातात धरते. माझ्या अंगात हा आजार अर्धा, तिच्या वडिलांच्या अंगात अर्धा. आम्हा दोघांना कधी काही झालं नाही. लग्नाआधी तपासायचं कुणाला सुचलं नाही. दोन अर्धे मिळून तिच्यात पूर्ण झाला.

मी सुट्टीच्या अर्जात कारण लिहिलं होतं, मुलगी सिकल, रक्त चढवणे. तो अर्ज सरांच्या हातात गेला. सरांनी मला त्या टोकाच्या खोलीत नेलं आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत हात फिरवला.

"मावशी, हे सिकलचंच काम आहे. कोणतं औषध त्या पेशीतल्या प्रथिनाला जाऊन चिकटेल, ते हे मशीन शोधून राहिले."

खाली फरशी पुसायची राहिली होती, ती पुसली. पण त्या दिवसापासून ती खोली माझी झाली. सकाळी सातला मी आधी तिथे जायची, मग बाकीचा मजला.

पहिल्या वर्षात मी फक्त धूळ पुसली. पुढे राऊतभाऊंनी मला मशीन उघडायला शिकवलं. ब्लोअरने धूळ कशी उडवायची, उडवताना पंख्याचं पातं बोटाने कसं धरून ठेवायचं, प्रोसेसर थंड ठेवणारा वाळलेला लेप खरवडून नवा कसा लावायचा. लेप हरभऱ्याच्या डाळीएवढाच लावायचा, जास्त नाही. मी कानाने मशीन ओळखायला शिकले. चार नंबरचा पंखा पहिल्यापासून किरकिरा होता, त्याचं काही नाही. पण नऊ नंबरचा एके दिवशी नेहमीपेक्षा जड वाजला. मी राऊतभाऊंना बोलवायला गेले आणि दाराशी उभी राहिले. त्यांनीच विचारलं, "काय झालं, ताई?" मी बोटाने नऊ दाखवलं. उघडलं तर आत पाल. अर्धी भाजलेली. राऊतभाऊ म्हणाले, "मले दिवसभर बसून ऐकू आलं नसतं." त्या बोलण्याने मला दोन दिवस हलकं वाटत होतं.

मला इंग्रजी वाचता येत नाही, आकडे येतात. प्रत्येक मशीनच्या पडद्यावर एक हिरवी पट्टी भरत जायची आणि खाली एक आकडा वाढत जायचा. तो आकडा म्हणजे त्या मशीनला मिळालेले गुण. मी रोज ते बारा आकडे पाहून बेरीज करायची आणि घरी आल्यावर प्रणालीला सांगायची. ती तेव्हा बारावीत होती. मी चपला काढेपर्यंत तिचं सुरू व्हायचं, "आई, आज किती?" मी आकडा सांगितला की ती हिशेब करायची, कालच्यापेक्षा किती वाढले. कमी वाढले तर म्हणायची, "म्हातारे झोपले होते का वं?" राऊतभाऊ त्या मशीनना म्हातारे म्हणायचे, तेच तिने उचललं होतं.

दोन वर्षांनी जावई आला.

कॉलेजला कुठूनसा निधी मिळाला आणि त्यातून एक मोठं मशीन घेतलं. काळं, काचेच्या दाराचं, आत दोन ग्राफिक्स कार्ड. विद्यार्थ्यांना शिकायला म्हणून आणलं होतं, पण पोरं फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी यायची, बाकी वेळ रिकामं. सरांनी त्यालाही श्रमदानाला लावलं. त्याला वेगळा प्लग, वेगळं टेबल, खाली रबराची चटई.

"ताई, जावई आला. आता पाट मांडा," राऊतभाऊ म्हणाले. "बारा म्हातारे महिनाभर खोकून जेवढं करते, तेवढं हा दोन दिवसांत करून टाकते."

खरंच तसं होतं. जावयाचा आकडा असा पळायचा की शेवटचे दोन अंक वाचताच येत नसत. असं कसं, हे मला विचारायचं होतं. मी विचारलं नाही. पण सरांनीच एकदा विषय काढला. त्यांनी विचारलं, लग्नाआधी तुम्ही काय काम करायच्या? मी सांगितलं, मांढळला, मिरची सातऱ्यावर. सातरा म्हणजे मोकळं पटांगण, तिथे लाल मिरचीचे ढीग पडतात आणि दोनदोनशे बाया रांगेने बसून देठ खुडतात. सर एकदम खुलले. टोपण खिशात टाकून म्हणाले, मग तुम्हाला सांगायला सोपं आहे. प्रोसेसर म्हणजे सातऱ्यावरचा मुकादम. एकटाच, पण काहीही सांगा, करेल. वजन करेल, माल पारखेल, गाडीवाल्याशी भांडेल. ग्राफिक्स कार्ड म्हणजे देठ खुडणाऱ्या बाया. सगळ्यांना एकच काम, सगळ्यांनी एकदम करायचं. मुकादम दिवसाला एक पोतं खुडेल, बाया गाडी रिकामी करतील. पण प्रत्येक मिरचीपाशी थांबून वेगळा विचार करायचा असेल तर बाया काय करतील? म्हणून सगळीच कामं कार्डावर चालत नाहीत. ज्या कामाचा प्रोग्राम कार्डासाठी लिहिलेला आहे तेवढंच चालतं.

हे सगळं त्यांनी सांगितलं होतं. हे मी लिहून ठेवते, कारण दोष त्यांचा नाही. सातऱ्यावरच्या बायांना विचार करता येत नव्हता असं नाही, त्यांना कुणी विचारलं नव्हतं, हे मला तेव्हा मनात आलं आणि मी त्यातच अडकले. त्यांचं शेवटचं वाक्य माझ्या कानावरूनच निघून गेलं. बाया गाडी रिकामी करतात, एवढंच मी घरी घेऊन आले.

प्रणालीला मी सांगितलं, आता लवकर होईल.

त्या खोलीत तऱ्हेतऱ्हेची माणसं यायची. फायनलचा एक पोरगा जावयावर गेम खेळायला यायचा. दार लोटून घ्यायचा आणि मला म्हणायचा, "मावशी, सरांना सांगू नका हां." मी कुणालाच काही सांगत नाही, हे त्याला माहीत नव्हतं. तो मला दर वेळी बिस्किटाचा पुडा द्यायचा. मी ते पुडे खाल्ले नाहीत, टेबलावर ओळीने मांडून ठेवले. सहा झाल्यावर त्याने ते पाहिले आणि तो यायचा बंद झाला. मी बोलून जे केलं नसतं ते पुड्यांनी केलं.

दुसरे आले ते रजिस्ट्रार साहेब. विजेचा आकडा वाढला होता. कुणी तरी त्यांच्या कानात भरवलं की लांजेवार सर या खोलीत कॉम्प्युटरवर बिटकॉइनसारखे कॉइन काढून विकतात. साहेब सिक्युरिटीचे दोघे घेऊन आले. सर वर्गावर होते, खोलीत मी एकटी, हातात फडकं.

"कॉइन कुठे काढून राहिले इथे?" साहेबांनी मला विचारलं.

माझा घसा बंद. साहेबांना वाटलं मी लपवते आहे. त्यांनी पुन्हा विचारलं, आवाज चढवून. तेवढ्यात राऊतभाऊ आले. ते म्हणाले, "साहेब, कॉइन निघत असते तर ताई फडकं मारत असत्या का? त्या कॉलेज विकत घेऊन बसल्या असत्या." सिक्युरिटीवाले हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी त्या खोलीची विजेची लाइन बारीक करून टाकली. एकच खटका ठेवला, त्याच्यावर भार पडला की खट्कन खाली. त्यांनी ते थंडीत केलं, तेव्हा काही जाणवलं नाही.

मार्चअखेर सर तीन महिन्यांसाठी बाहेरगावी गेले, त्यांच्या पीएचडीचं काम होतं. जाताना त्यांनी मला त्यांचा नंबर कागदावर लिहून दिला. "काही अडलं तर फोन करा, मावशी. काहीही असो." मी तो कागद पोलक्यात ठेवला. घरी आल्यावर पत्र्याच्या डब्यात ठेवला. अजून आहे.

एप्रिलमध्ये नागपूर तापलं. त्या खोलीवर सरळ गच्ची. दुपारी भिंतीला हात लावला तर तव्यासारखी. मशीन गरम झाली की आपोआप बंद पडायची. राऊतभाऊंनी दरवर्षीसारखा खिडकीत कूलर बसवला, वाळ्याच्या नव्या ताट्या लावल्या. इथली हवा उन्हाळ्यात इतकी कोरडी असते की कूलरच्या ओलाव्याने मशीनला काही होत नाही. पावसाळा लागला की मात्र पाणी बंद करायचं. कूलर लावला आणि खटका पडला. पुन्हा वर केला, पुन्हा पडला. कूलर, जावई आणि म्हातारे, तिघांचा भार ती लाइन पेलत नव्हती. कूलर हवाच होता. म्हणजे जावई चालवायचा नाही तर म्हातारे.

राऊतभाऊ परीक्षेच्या गडबडीत होते. ते जाता जाता म्हणाले, "सरले विचारून घ्या ना, ताई. एक फोन तर करा लागते."

मी फोन हातात घेतला होता. नंबरही दाबला होता, हिरवं बटण तेवढं राहिलं होतं. सर कामात असतील, मी काय म्हणून सुरुवात करू, मावशी बोलते म्हणू की कॉलेजातून बोलते म्हणू. हे ठरेना. मी फोन ठेवून दिला आणि स्वतःच ठरवलं. बारा म्हातारे मिळून महिन्यात जे करतात ते जावई दोन दिवसांत करतो. यात विचारायचं काय होतं? मी एकापासून बारापर्यंत एकेक मशीन बंद केलं. बंद करताना वाईट वाटलं, ते आवाज बंद झाल्याचं. काही चुकतं आहे असं क्षणभरही वाटलं नाही.

मे महिन्यात प्रणालीचं दुखणं उठलं. तेव्हा ती बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती. सिकलच्या माणसाला ऊन सोसत नाही, अंगातलं पाणी कमी झालं की पेशी अडकतात. परीक्षेहून बसने आली ती पायरीवरच बसली. सरकारी दवाखान्यात सतरा दिवस होतो. तिचे वडील कळमेश्वरच्या कारखान्यात आहेत, पहाटेच्या गाडीने जायचे आणि संध्याकाळी सरळ दवाखान्यात यायचे. मी सकाळी कॉलेजात तासभर जाऊन यायची. कूलरमध्ये पाणी भरायची, जावयाची काच पुसायची, आकडा पाहायची. वॉर्डातल्या बाया नावं ठेवायच्या, पोरगी एवढी तळमळते आणि माय नोकरी सोडत नाही. मी नोकरीसाठी जात नव्हते.

वॉर्डात शिरले की प्रणाली डोळे उघडून विचारायची, "किती?" मी आकडा सांगायची. तो आता लाखांत होता. एकदा तिला इतकं दुखत होतं की तिला बोलता येईना, तिने नुसती बोटं वर केली. मी कानाशी तोंड नेऊन आकडा सांगितला. तिने तो मनातल्या मनात म्हटलेला मला ओठांवरून दिसला.

ती वाचली. पण उजव्या खुब्याच्या हाडाला रक्त पोचलं नाही आणि त्याचं डोकं झिजून गेलं. आता ती काठी घेऊन संडासापर्यंत जाते. कॉलेज सुटलं.

जूनच्या शेवटी सर परत आले. मी खोलीतच होते. त्यांनी आधी प्रणालीचं विचारलं, राऊतभाऊंनी त्यांना सांगितलं असावं. मग त्यांनी भिंतीकडे पाहिलं.

"मावशी, हे बारा बंद काहून?"

मी जमेल तसं सांगितलं. लाइन, कूलर, खटका. जावई जास्त काम करतो म्हणून तो चालू ठेवला. सर स्टुलावर बसले. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि तसंच हातात धरून ठेवलं.

त्यांनी जे सांगितलं ते असं. सिकलच्या कामाचा प्रोग्राम प्रोसेसरसाठीच लिहिलेला होता. कार्डासाठी तो कधी लिहिलाच गेला नाही. म्हणून जावई आला तेव्हा सरांनी त्याला दुसऱ्या एका कामाला लावलं. ते गणिताचं होतं. ज्या संख्येला दुसऱ्या कोणत्याच संख्येने भाग जात नाही अशा फार मोठ्या संख्या शोधायच्या. सिकल फक्त म्हातारे करत होते. गुणांचंही तसंच, एका कामाच्या गुणांचा दुसऱ्या कामाच्या गुणांशी काही संबंध नसतो.

मी आयुष्यात फार कमी प्रश्न विचारले. त्या दिवशी एक विचारला. "त्या संख्या सापडल्या की त्यांचं काय करतात, सर?"

सर म्हणाले, "फारसं काही नाही. सापडली की आनंद होतो."

मी खाली बसले. सर घाबरले, पाणी आणायला उठले. ते मला म्हणाले की वाईट वाटून घेऊ नका, जगात हजारो मशीन या कामाला लागलेली आहेत, आपले बारा दोन महिने बंद राहिले तरी त्या कामाला काही फरक पडला नाही. आपले तुकडे त्यांनी दुसऱ्यांना दिले असतील. त्यांना माझं समाधान करायचं होतं. मी पाणी प्याले, मान हलवली आणि कूलरचं पाणी सोडायला गेले, कारण पाऊस आला होता.

पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. बंद राहिल्याने फरक पडला नाही. मग चालू असल्यानेही पडला नसणार. त्याआधीची तीन वर्षं मी जी धूळ उडवली, लेप लावले, पाल काढली, त्याने काही झालं नाही. चूक केली म्हणून रडावं तर ती चूकही मोजण्याइतकी नव्हती. सर चांगले आहेत. त्यांना कळलं नाही की मला दोष दिला असता तर बरं झालं असतं. दोष दिला असता तर माझं काम हे काम ठरलं असतं.

घरी गेले तर प्रणालीने विचारलं, "आज किती?" मी जावयाचा आकडा सांगितला. त्यानंतरही सांगत राहिले. ती खूश व्हायची. तिला आता दिवसभर तेवढंच असतं.

दिवाळीनंतर सरांना पुण्याला नोकरी लागली. जाण्याआधी त्यांनी म्हातारे पुन्हा सुरू करून दिले होते, पण ते गेल्यावर रजिस्ट्रार साहेबांनी खोली रिकामी करायला सांगितली. जावई नव्या लॅबमध्ये गेला. बारा म्हातारे जिन्याखाली आले आणि भंगारवाल्याला निरोप गेला. तो सोमवारी येणार होता. शनिवारी मी रजिस्ट्रार साहेबांच्या दाराशी उभी राहिले. अर्ध्या तासाने त्यांनीच वर पाहिलं. मी म्हटलं, मला त्यातलं एक मशीन पाहिजे. मला वाटलं घसा बंद होईल. झाला नाही. साहेबांनी विचारलं, काय करता त्याचं? मी म्हटलं, पोरीसाठी. साहेब म्हणाले, घेऊन जा, आणि पुन्हा कागदांत पाहू लागले. एवढंच होतं ते. सरांना फोन करणंही एवढंच असतं.

मी सात नंबर निवडला. तो कधी बिघडला नव्हता. राऊतभाऊंनी स्कूटरवर पुढे ठेवून तो सक्करदऱ्याला आमच्या घरी आणला, प्रणालीच्या दिवाणाजवळ टेबलावर मांडला, तिच्या वडिलांच्या मोबाइलवरून इंटरनेट जोडलं. प्रोसेसरचं काम, सिकलचं काम. मी त्यांना दोनदा विचारून घेतलं, सिकलचंच ना? ते हो म्हणाले. मग त्यांनी बटणं दाबली आणि पडद्याकडे पाहत राहिले. त्यांनी पुन्हा दाबली. मग वायर गुंडाळायला लागले, गुंडाळायची वायर नव्हती तरी. "नेट धीमं आहे. काम घेईल थोड्या वेळानं," असं म्हणाले आणि चहा न घेता गेले. चहा न घेता राऊतभाऊ कधी जात नाहीत.

जिथे हिरवी पट्टी असते ती जागा पांढरी होती. खाली इंग्रजीत एक ओळ होती, नेहमीच्या ओळीपेक्षा लांब. प्रणालीने काठी टेकली, पुढे सरकली आणि ती ओळ वाचली. एवढ्याशा ओळीला लागावा त्यापेक्षा जास्त वेळ ती वाचत होती.

मी विचारलं, "काय लिहिलं वं?"

ती म्हणाली, "काम घेऊन राहिलं, आई."

दुसऱ्या दिवशी ती झोपलेली असताना मी मशीनच्या मागे तळहात लावून पाहिला. थंडगार होतं. मग कॉलेजात राऊतभाऊंना गाठलं. त्यांनी आढेवेढे घेतले, पण सांगितलं. ते सिकलचं काम त्या विद्यापीठाने बंद केलं होतं. तुकडे संपले. जे कळायचं होतं ते कळलं, कुठे तरी छापून आलं. औषधाचं विचारलं तर ते म्हणाले, "त्याचं काही लिहिलं नाही, ताई."

संध्याकाळी घरी आले तर प्रणालीने मला काही विचारलं नाही. मी चपला काढून तिच्याजवळ बसले. ती म्हणाली, "पट्टी दोन टक्के भरली." मी बरं म्हटलं.

तेव्हापासून रोज मी आले की ती सांगते. घाई करत नाही, कधी दोन वाढवते, कधी एक. दुखत असेल त्या दिवशी तेवढंच ठेवते आणि म्हणते, आज म्हातारा थकला. काल तिने त्र्याण्णव सांगितलं. शंभर झाल्यावर काय, हे तिने मला सांगितलेलं नाही आणि मी विचारत नाही.